जात्यावरच्या ओव्यांचा ‘पारी’वरचा संग्रह: मराठी, स्त्री-अभ्यास आणि कविता शिकवणाऱ्यांसाठी परीक्षण

पदवीच्या मराठी वर्गात लोकसाहित्याचा घटक आला की बहुतेक महाविद्यालयांत तो एकाच ठरलेल्या वाटेने जातो. ओवीची व्याख्या सांगितली जाते, ‘पहिली माझी ओवी’ ही सुरुवात म्हणून दाखवली जाते, दोन-चार छापील ओव्या वाचल्या जातात आणि घटक संपतो. ती ओवी कोणी म्हटली, कुठल्या गावात, कुठल्या वयात, कशा चालीत, यातले काहीच विद्यार्थ्यापर्यंत पोचत नाही. शिक्षकाचाही फारसा दोष नाही, कारण जुन्या छापील संग्रहांत ओव्या विषयवार लावलेल्या असतात आणि म्हणणारीचे नाव बहुधा नसतेच. ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, या संकेतस्थळावरचा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह नेमकी हीच उणीव भरून काढतो. ओवीसोबत तो नाव देतो, गाव देतो आणि मुख्य म्हणजे आवाज देतो. एकाच साहित्यावर भाषेचा, कवितेचा आणि स्त्री-अभ्यासाचा असे तिन्ही तास उभे राहू शकतील असे मराठीत दुसरे फुकट साधन माझ्या पाहण्यात नाही. म्हणूनच ते वापरताना वर्गात काय बिघडते हेही स्पष्ट लिहिले पाहिजे.

हे काम मुळात ‘पारी’चे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातील सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेतून सुमारे दोन दशके ते केले. मुळशी-मावळच्या डोंगराळ भागातल्या गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या बायका त्यात गोळा करणाऱ्याही होत्या आणि गाणाऱ्याही. १ लाखाहून जास्त ओव्या, १,००० हून अधिक गावे आणि ३,००० हून अधिक गायिका एवढा त्याचा पसारा आहे. नव्वदच्या दशकात संगणकीय संगीताचे अभ्यासक बर्नार बेल यांच्या मदतीने निवडक गायिकांचे ध्वनिमुद्रण झाले आणि ओव्यांचा संगणकीय माहितीसाठा तयार झाला. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून ‘पारी’ने यातल्या निवडक ओव्या आवाज, मजकूर, अनुवाद आणि छायाचित्रांसह प्रसिद्ध करायला सुरुवात केली. नमिता वाईकर, जितेंद्र मैड, आशा ओगले, रजनी खळदकर ही त्या कामातली नावे. ज्या गायिका हयात होत्या त्यांच्याकडे, त्यांच्या गावांकडे हा गट पुन्हा गेला, म्हणून काही पानांवर जुना आवाज आणि नवे चित्रण असे दोन्ही मिळते.

तेव्हा दारे दोन आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. ‘पारी’वरची पाने म्हणजे संपादित, सजवलेला, तुलनेने छोटा भाग. मूळ संस्थेच्या संकेतस्थळावरचा माहितीसाठा म्हणजे सगळा कच्चा माल. पहिल्या दाराने वर्गात शिरावे आणि दुसऱ्याने संशोधनात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला थेट माहितीसाठ्यावर सोडले तर रोमन अक्षरांतले सांकेतिक क्रमांक, इंग्रजी शीर्षके आणि लांबच लांब याद्या पाहून तो पाच मिनिटांत परत फिरतो. उलट एम.ए.चा किंवा पीएच.डी.चा अभ्यासक फक्त ‘पारी’च्या पानांवर थांबला, तर संपादकांनी निवडलेले तेवढेच त्याच्या हाती लागते आणि त्या निवडीलाच तो परंपरा समजून बसतो.

‘पारी’वरच्या पानाची रचना शिक्षकाच्या सोयीची आहे. वर ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत, खाली ओव्यांचा देवनागरी मजकूर, सोबत अनुवाद आणि शेवटी गायिकेची माहिती: नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, शिक्षण, मुले, व्यवसाय, ध्वनिमुद्रणाची तारीख. प्रत्येक पानावर यातले सगळेच असते असे नाही, पण बहुतेक ठिकाणी बरेचसे असते. मराठी आवृत्तीही आहे. वर्गात तीच उघडावी. शोधयंत्रातून गेल्यास बहुधा इंग्रजी पान आधी समोर येते, मग घाईत तेच पडद्यावर लावले जाते आणि मराठीच्या तासाला मराठी ओवी इंग्रजीतून समजावण्याची वेळ येते. आदल्या दिवशी भाषा बदलून पानाचा दुवा जपून ठेवावा आणि तोच विद्यार्थ्यांना द्यावा.

कवितेच्या तासापासून सुरुवात करतो, कारण या संग्रहाचा खरा कस तिथे लागतो. आपल्याकडे छंदाचा अभ्यास डोळ्यांनी होतो. ग्रांथिक ओवी म्हणजे साडेतीन चरण, पहिल्या तिन्हींना यमक. मोठा अभंग म्हणजे ६, ६, ६, ४ अक्षरे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. छोटा अभंग म्हणजे ८ अक्षरांचे दोन चरण. हे पाठ असलेला विद्यार्थी जात्यावरच्या ओवीची अक्षरे मोजायला बसतो आणि अडतो. एका ओळीत एक संख्या येते, दुसरीत दुसरी. मग ‘लोककवितेत छंद शिथिल असतो’ असे वाक्य उत्तरपत्रिकेत उतरते. हे वाक्य अर्धवट आहे आणि तसे का, ते ध्वनिमुद्रण ऐकले की कळते.

पानावर ओवी दोन ओळींची दिसते. गाताना मात्र ओळीचा अर्धा भाग पुन्हा येतो, मधे ‘गं’, ‘बाई’, ‘माझ्या’ असे शब्द पडतात, एखादे पालुपद जोडले जाते. जाणकार बायका यातल्या चालीच्या आणि पालुपदाच्या भागाला ‘गळा’ म्हणतात. ओवी एक, गळे अनेक, आणि एकच गळा वेगवेगळ्या ओव्यांनाही चालतो. ओळीत अक्षरे कमी पडली तर भरीचा शब्द येतो, जास्त झाली तर दोन अक्षरे एका ठोक्यात म्हटली जातात. तोल अक्षरांच्या मोजणीवर नसून फेऱ्यावर असतो. जात्यावर दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात, एक ओढते तेव्हा दुसरी सोडते, मधेच एक हात मोकळा करून जात्याच्या तोंडात वैरण, म्हणजे धान्याची मूठ, घालायची असते. या हालचालीत बसेल ती ओळ बरोबर. हे समजल्यावर ‘शिथिल’ हा शब्द विद्यार्थी आपणच खोडतो.

यासाठी चांगला चालणारा क्रम असा. साठ मिनिटांच्या तासाला दोन ओव्या पुरे, चार घेतल्या तर एकही नीट होत नाही. पहिल्यांदा मजकूर न दाखवता फक्त आवाज ऐकवावा. दुसऱ्यांदा ऐकवताना विद्यार्थ्यांनी कानाला आले तसे लिहून काढावे. तिसऱ्यांदा पानावरचा मजकूर पडद्यावर लावून आपल्या वहीतली ओळ आणि संपादकांनी छापलेली ओळ शेजारी शेजारी ठेवावी. गायिकेने म्हटलेले पण पानावर नसलेले शब्द अधोरेखित करावेत. एवढ्यात पस्तीस-चाळीस मिनिटे जातात. उरलेल्या वेळात एकच प्रश्न: संपादकांनी हे शब्द का गाळले असतील? त्याचे उत्तर देताना वर्गाला कळते की छापील ओवी ही कुणीतरी केलेली निवड आहे. छपाईची चूक म्हणून हा फरक सोडून देऊ नये.

इथे हमखास बिघडणाऱ्या दोन गोष्टी. एक म्हणजे आवाज. मोबाइलचा स्पीकर दुसऱ्या बाकापुढे पोचत नाही आणि वयस्कर गायिकेचा स्वर मोठ्या खोलीत विरून जातो. साधा ब्लूटूथ स्पीकर चालतो, पण त्यावरचा ठणका (बास) वाढवण्याचा पर्याय बंद ठेवावा, नाहीतर शब्द घुमतात. पंखे दोन मिनिटे बंद केले तर सर्वात जास्त फरक पडतो. दुसरी गोष्ट इंटरनेटची. साठ विद्यार्थ्यांनी एकाच वेळी आपापल्या फोनवर पान उघडले की महाविद्यालयाचे वाय-फाय बसते. एकाच यंत्रावरून ऐकवावे, तास सुरू होण्याआधी पान पूर्ण उघडून ध्वनिफीत एकदा शेवटपर्यंत चालवून पाहावी.

भाषेच्या तासाला याच श्रुतलेखनातल्या ‘चुका’ कामाला येतात. विद्यार्थी ‘इठ्ठल’ ऐकतो आणि ‘विठ्ठल’ लिहितो, ‘येळ’ ऐकून ‘वेळ’ लिहितो, ‘पानी’चे ‘पाणी’ करतो, ‘मधी’चे ‘मध्ये’. कान एक सांगतो आणि शाळेने वळण लावलेला हात दुसरेच लिहितो. हात कुठे कुठे मधे पडला याची यादी करायला लावली तर प्रमाण आणि बोली यांचे नाते कुठल्याही व्याख्येविना समोर येते. खेड्यातून आलेल्या मुलांच्या वहीत ही दुरुस्ती कमी आढळते आणि वर्गात त्यांचे कान जास्त तयार असल्याचे पहिल्यांदाच सिद्ध होते. शिक्षकाने याची दखल मोठ्याने घ्यावी.

मजकुराच्या लेखनाबद्दल मात्र सावध राहिले पाहिजे. संग्रह अनेक हातांनी, अनेक वर्षांत, वेगवेगळ्या गावांत उतरवला गेला आहे. एकच शब्द एका ओवीत बोलीप्रमाणे आणि दुसरीत प्रमाण वळणाने लिहिलेला सापडतो. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांचीही तीच गत. म्हणून ज्या ओवीचा आवाज उपलब्ध नाही तिच्या केवळ छापील रूपावरून ‘या तालुक्यात असा उच्चार होतो’ असा निष्कर्ष काढू नये. उच्चारविषयक विधान फक्त ध्वनिमुद्रणावरून करावे. शब्दसंग्रह, वाक्यरचना, नातेवाचक शब्द, संबोधने यांसाठी मजकूर भरवशाचा आहे.

शोधतानाही याच कारणाने फटका बसतो. ‘सीता’ शोधले तर ‘सिता’, ‘सीताबाई’, ‘सीतामाई’ हातून निसटतात. एका विषयासाठी निदान चार-पाच लेखनरूपे आधी कागदावर काढावीत आणि प्रत्येकाने वेगळा शोध घ्यावा. माहितीसाठ्यातली लांब पाने उघडल्यावर ब्राउझरचा पानातला शोध जास्त उपयोगी, कारण तो शब्दाचा तुकडाही पकडतो: ‘सासुर’ एवढेच टाकले की ‘सासुरवास’, ‘सासुरवाडी’, ‘सासुरवाशीण’ तिन्ही मिळतात. शब्द अडला तर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. दळण, शेती, दागिने, लुगड्यांचे प्रकार यांचे शब्द आजच्या लहान कोशांत नसतात, या दोन्हींत बहुधा सापडतात.

काही संबोधने तर कोश पाहूनही चुकतात. ओवीत राघू आणि मैना आले की शहरी विद्यार्थी पक्ष्यांवर निबंध लिहितो. आई मुलाला राघू आणि मुलीला मैना म्हणते हे पहिल्याच तासाला सांगून टाकावे. तसेच ‘शेजी’ ही शेजारीण, ‘बया’ ही बहुधा आई, ‘चुडा’ म्हणजे बऱ्याचदा नवरा. असे पंधरा-वीस शब्दांचे टिपण वाटले की पुढची अर्धी अडचण संपते.

स्त्री-अभ्यासाचा तास या संग्रहावर घेताना गायिकेच्या माहितीपासून सुरू करावे असे माझे ठाम मत आहे. दहा गायिकांची माहिती एका तक्त्यात मांडायला लावा. शिक्षणाच्या रकान्यात बहुतेक जणींपुढे काय येते, व्यवसायात काय, जातीत काय, हे विद्यार्थ्यांनी आधी पाहावे आणि मगच ओव्या ऐकाव्यात. नाहीतर ‘भारतीय ग्रामीण स्त्री’ नावाची एक सरसकट बाई वर्गात तयार होते आणि सगळ्या ओव्या तिच्या तोंडी घातल्या जातात.

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या सीतेवरच्या ओव्या पहिल्या तासाला घ्याव्यात. वनवासात एकट्या पडलेल्या सीतेची समजूत घालायला रानातल्या बोरी-बाभळी बायका होतात, ही कल्पना तिथे येते. रामाच्या महाकाव्यातली राणी इथे सासुरवाशीण आहे, टाकलेली बाई आहे, आणि तिच्या सोबतीला काटेरी, कोरडवाहू झाडे आहेत. मराठवाड्याचे रान डोळ्यांपुढे आणल्याशिवाय या प्रतिमेचा पुरता अर्थ लागत नाही. पळस-आंबा न येता बोर-बाभूळच का आली, एवढ्या एका प्रश्नावर भूगोल, जात, वर्ग आणि बाईपण असे सगळे बोलता येते. आवाजातला थकवाही अर्थाचा भाग आहे, मजकुरातून तो मिळणार नाही.

दुसऱ्या तासाला लगेच माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींच्या ओव्या लावाव्यात. तेच जाते, तोच छंद, पण गौरव डॉ. आंबेडकरांचा आणि बुद्धाचा. संग्रहात पंढरीच्या ओव्यांचा मोठा साठा आहे आणि वारकरी परंपरेत जनाबाईबरोबर दळू लागणारा विठ्ठल असल्यामुळे मराठीचे शिक्षक सहजच तिकडे वळतात. तेवढ्यावर थांबले तर जाते म्हणजे भक्ती असे समीकरण पक्के होते. त्याच जात्यावर जातीविरोधी राजकारणही दळले गेले, हे ऐकवलेच पाहिजे. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राच्या शर्मिला रेगे यांनी आंबेडकरी जलसे आणि गाण्यांकडे ज्ञानाची परंपरा म्हणून पाहायला शिकवले. या ओव्या त्या चर्चेत चपखल बसतात.

यानंतर एक चूक जवळजवळ प्रत्येक वर्गात होते. ‘ओवी म्हणजे स्त्रियांचा विद्रोह’ हे सूत्र विद्यार्थ्यांना इतके आवडते की प्रत्येक ओवीत ते विद्रोह शोधू लागतात. प्रत्यक्षात याच संग्रहात मुलगा व्हावा म्हणून केलेला नवस आहे, भावाच्या श्रीमंतीची बढाई आहे, अहेवपणी, म्हणजे नवरा हयात असतानाच, मरण यावे ही मागणी आहे, सुनेबद्दलची सासूची कुरबुर आहे. त्या ओव्या बाजूला सारून केलेला स्त्री-अभ्यास खोटा ठरतो. एकाच गायिकेच्या पाच ओव्या घेऊन त्यांत रूढी मानणारे आणि रूढीला नकार देणारे काय काय आहे हे शेजारी शेजारी मांडायला लावावे. लोकसाहित्याच्या अभ्यासक ताराबाई भवाळकरांनी लोकसाहित्यातल्या स्त्रीच्या आवाजाबद्दल जे आयुष्यभर मांडले, ते समजून घ्यायला हा सराव उत्तम पाया आहे.

माहितीसाठ्यातल्या वर्गीकरणाबद्दलही विद्यार्थ्यांना आधीच बजावले पाहिजे. सीता, बाईच्या जन्माची कुचंबणा, पंढरी, आई आणि लेकरे, भाऊ-बहीण, नवरा, डॉ. आंबेडकर असे विभाग आणि त्यांचे बारीक उपविभाग संग्राहकांनी केले आहेत. काम प्रचंड आहे आणि त्याशिवाय एवढ्या ओव्यांतून वाट काढणेच अशक्य झाले असते. पण ही खणे बाईने केलेली नाहीत. दळताना ती सीतेवरून भावावर, भावावरून पंढरीवर जाते आणि तो क्रम विभागवारीत तुटतो. एका गायिकेचे सलग गाणे कसे वळते हे पाहायचे असेल तर विभागाऐवजी गायिकेच्या नावाने आणि गावाने ओव्या गोळा कराव्यात. अभ्यासक्रमाच्या प्रकल्पासाठी हा विषय फार चांगला आहे आणि अजून पुरेसा वापरला गेलेला नाही.

भौगोलिक वाटणीचेही तसेच. संघटनेच्या कार्यकर्त्या जिथे राहत होत्या त्या मुळशी-मावळ पट्ट्याचे वजन साहजिकच जास्त आहे. कुठल्या जिल्ह्यातून किती ओव्या मिळाल्या यावरून कुठे परंपरा समृद्ध होती असे ठरवणारे तक्ते विद्यार्थी करतात आणि ते चुकीचे असतात. ती संख्या संग्राहकांच्या पायपिटीची आहे.

अनुवाद हा या प्रकल्पाचा दुसरा मोठा ऐवज आहे. महाराष्ट्राबाहेर, परदेशात वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांना किंवा इंग्रजी माध्यमातून स्त्री-अभ्यास करणाऱ्यांना तो दार उघडून देतो. तरीही मराठी समजणाऱ्या वर्गात फक्त अनुवादावर चर्चा करू नये. नणंद, जाऊ, भावजय, मेहुणी या चौघींना इंग्रजीत एकाच नात्याच्या नावात बसवावे लागते. नणंदेपुढे बाई दबते, भावजयीशी तिचा माहेरच्या हक्कावरून ताण असतो, जावेबरोबर कामाच्या वाटणीवरून. घरातली सत्तेची उतरंडच त्या चार शब्दांत आहे आणि लिंगभाव शिकवताना तीच हरवली तर तास कशासाठी घ्यायचा? इंग्रजी माध्यमाच्या वर्गातही नातेवाचक शब्द मराठीच ठेवून फळ्यावर नात्यांचा आराखडा काढावा.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २ श्रेयांकांच्या विषयाला व्याख्यानाच्या ३० तासिका मिळतात. त्यात या संग्रहावर सहा ते आठ तासिका सुखाने उभ्या राहतात: दोन ऐकणे आणि छंद, दोन बोली आणि शब्दसंग्रह, दोन स्त्री-अभ्यास, उरलेल्या तासिकांत एकाच ओवीची निरनिराळ्या गावांतली रूपे. हा शेवटचा भाग वगळू नये. एकच ओवी तीन गायिकांच्या तोंडून तीन तऱ्हांनी येते, कुठे नाव बदलते, कुठे गाव, कुठे दुसरी ओळच. यातली मूळ कोणती हा प्रश्न विद्यार्थी विचारतातच. बहिणाबाई चौधरींची कविता त्यांनी आधी वाचलेली असते आणि तिच्यामागे एक नाव, एक घर असते. तिथून इथे येताना कवी म्हणजे कोण, याचा त्यांना नव्याने विचार करावा लागतो.

परीक्षेच्या दृष्टीने एक मोठा फायदा असा की ध्वनिमुद्रणावरचा प्रश्न उतरवून काढता येत नाही. ‘ओवीची वैशिष्ट्ये लिहा’ याची तयार उत्तरे जागोजाग मिळतात. ‘ऐकवलेल्या ओवीतले भरीचे शब्द ओळखा आणि ते कुठल्या जागी आले ते सांगा’ याचे उत्तर ऐकणाऱ्यालाच देता येते. अंतर्गत मूल्यमापनाला दहा गुणांचा असा प्रश्न ठेवावा, ध्वनिफीत दोनदा ऐकवावी, तिसऱ्यांदा नको.

पुढच्या टप्प्यावर विद्यार्थ्यांना घरी, गावी जाऊन ओव्या गोळा करायला सांगितले जाते. गावात विजेची पिठाची गिरणी आली तसे जाते मागे पडले, त्यामुळे ओव्या आठवणाऱ्या बायका आता वयस्कर आहेत. ‘आजी, ओवी म्हणून दाखव’ म्हटले की आजी दोन ओळी म्हणते आणि थांबते. जाते शिल्लक असेल तर त्यापाशी बसवावे, मूठभर धान्य घालून फिरवायला घ्यावे. हात चालू लागला की ओळी आठवतात. सोबत तिच्या वयाची दुसरी बाई असेल तर जास्तच. घरातले पुरुष समोर असतील तर सासरच्या ओव्या निघत नाहीत, म्हणून वेळ दुपारची निवडावी. फोन हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवावा, जमिनीवर ठेवला तर जात्याची घरघर आवाज गिळते. फोन विमान-स्थितीत टाकावा. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, गाव, नाव आणि तिची परवानगी तिच्याच आवाजात घ्यावी. ‘पारी’च्या पानावर गायिकेची जी माहिती असते तेच रकाने आपल्या नोंदपत्रात घ्यावेत. जात विचारताना ती का नोंदवतो हे सांगावे आणि ती सांगायची नसेल तर रकाना मोकळा सोडावा. सासू-नणंदेवरच्या ओव्या गावात ओळखू येतात आणि त्यावरून भांडणे होऊ शकतात, तेव्हा प्रसिद्ध करायच्या आधी तिला पुन्हा ऐकवून विचारावे.

साधन म्हणून गुण द्यायचे तर आवाज आणि गायिकेची माहिती यासाठी पैकीच्या पैकी, शोधण्याच्या सोयीला निम्मे. माहितीसाठ्यातली विभागांची शीर्षके मराठीतही असायला हवीत. ज्या बायकांच्या ओव्या आहेत त्यांच्या नातींना त्या शोधता याव्यात, ही मागणी रास्त आहे. ‘पारी’वर एकेका विषयाच्या पानांची सलग यादी मिळवायला वेळ लागतो, त्यामुळे शिक्षकाने स्वतःची यादी करून ठेवावी: गायिका, गाव, विषय, ध्वनिफितीची लांबी, पानाचा दुवा. अशा पंचवीस-तीस नोंदी झाल्या की पुढची कित्येक वर्षे तीच यादी पुरते.

उपयोगाच्या अटी पानावर वाचून घ्याव्यात. वर्गात ऐकवणे वेगळे आणि ध्वनिफीत कापून आपल्या यूट्यूब वाहिनीवर चढवणे वेगळे. शोधनिबंधात किंवा प्रकल्पात ओवी उद्धृत करताना संकेतस्थळाचे नाव टाकून मोकळे होण्याची सवय पडली आहे, ती मोडावी. आधी गायिकेचे नाव, मग गाव, तालुका, जिल्हा, मग ध्वनिमुद्रणाची तारीख आणि ओवीचा क्रमांक असल्यास तो, त्यानंतर संग्राहक, अनुवाद वापरला असेल तर अनुवादक आणि शेवटी संकेतस्थळ व पान पाहिल्याची तारीख, असा क्रम ठेवावा. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात गायिकेचे नाव नसलेल्या ओवीला गुण देऊ नयेत, आणि ही अट पहिल्याच तासाला सांगावी.